लायपोसक्शन करायचं म्हणतेय (नाशिक) – आधी काय काय विचारून घ्यावं?

रानजाई | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लायपोसक्शन, म्हणजे कातडीखालची चरबी नळीने ओढून काढणं. विषय जरा अवघड जागेचा आहे, म्हणून ओळखीपाळखीत न विचारता इथे धागा काढतेय.

वय ४३, उंची पाच फूट दोन इंच, वजन ६७. दोन्ही मुलं सिझेरियनची. थायरॉईडची गोळी चालू आहे, बाकी तब्येतीची तक्रार नाही. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी नेमाने चालते, रात्रीचा भात कधीच सुटलाय. ७४ वरून ६७ वर आले, पण ओटीपोट आणि कमरेच्या दोन्ही बाजू जागच्या हलायला तयार नाहीत.

शहरातल्याच एका क्लिनिकमध्ये जाऊन आले. डॉक्टर पाचेक मिनिटं भेटले, बाकी सगळं तिथल्या काउन्सेलर मुलीने सांगितलं. एका बैठकीत सहा लिटर काढू, सकाळी या, संध्याकाळी घरी, चौथ्या दिवशी ऑफिस. याच महिन्यात बुक केलं तर हनुवटी फुकट. टोकन भरून आलेय. घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझं तू बघ." म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल.

तिथे बसले होते तेव्हा सहा लिटर ऐकून बरं वाटलं, घरी आल्यावर धडकी भरली. धोका कितपत असतो? काय विचारायला हवं होतं? इथे कुणी केलंय का? "आहेस तशी छान आहेस" म्हणायला घरात माणसं आहेत, मला माहिती हवीय.

मिसळ_सम्राट | रविवार, रात्री १०:०५

तर्री बंद करा आणि पांडवलेणीच्या पायऱ्या रोज चढा-उतरा. फुकटात लायपो, वर हनुवटीही आपोआप.

गोदातटीची | रविवार, रात्री १०:२०

सम्राट, त्यांनी सात किलो उतरवून मग विचारलंय. आधी वाचा, मग तर्री ओता.

रानजाई, मी केलंय. मांड्यांचं. निवांत लिहिते.

भूलचूक | सोमवार, सकाळी ६:१५

मी भूलतज्ज्ञ आहे. टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभं राहून जे दिसतं तेवढंच लिहितो, आकार कसा येईल ते सर्जनला विचारा.

आधी ते सहा लिटर. बाटलीत जमतं ती सगळी चरबी नसते. चरबी ओढण्याआधी त्या भागात सलाईन, लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) आणि अ‍ॅड्रेनलिनचं मिश्रण भरतात. अ‍ॅड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८०च्या दशकात ही 'ट्युमेसंट' पद्धत आणली आणि लायपो पुष्कळ सुरक्षित झालं. त्याआधी कोरडंच ओढायचे, तेव्हा निघालेल्या मालात पाचव्या हिश्शापासून जवळजवळ निम्म्यापर्यंत रक्त असायचं. आता ते साधारण एक टक्का असतं. मात्र चरबीबरोबर भरलेलं पाणीही बाटलीत परत येतं. म्हणून पहिला प्रश्न हा: सहा लिटर एकूण की निव्वळ चरबी? निव्वळ चार लिटर चरबी निघाली तरी वजन भरेल साडेतीन किलोच्या आसपास. आणि वजनकाट्यावर सुरुवातीचे काही दिवस सुजेमुळे आकडा उलट वाढलेला दिसतो, तेव्हा घाबरू नका.

एकूण पाच लिटरच्या वर गेलं की त्याला 'लार्ज व्हॉल्यूम' म्हणतात. अमेरिकन सोसायटी ऑफ प्लास्टिक सर्जन्सची शिफारस अशी की एवढं काढायचं तर हॉस्पिटलात किंवा मान्यताप्राप्त केंद्रात काढावं आणि पेशंटला रात्रभर देखरेखीखाली ठेवावं. कारण इतका द्रव आत-बाहेर झाल्यावर बीपी, लघवी, ऑक्सिजन, अंगाचं तापमान यांवर कुणीतरी डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. सलाईन कमी पडलं तर बीपी पडतं, जास्त झालं तर फुप्फुसात पाणी. सहा लिटर आणि संध्याकाळी घरी, हे दोन्ही एकाच पॅकेजात बसत नाही.

आता लिग्नोकेन. या पद्धतीत क्लाइन यांनी घातलेली मर्यादा किलोमागे ३५ मिलिग्रॅम. तुमच्या ६७ किलोला ती येते २,३४५ मिलिग्रॅम. एका लिटर मिश्रणात लिग्नोकेन ५०० ते १,००० मिलिग्रॅम असू शकतं. किती लिटर भरणार ते विचारा आणि गुणाकार स्वतः करा, सातवीचं गणित आहे. (पूर्ण भूल देणार असतील तर लिग्नोकेन बरंच कमी घालूनही भागतं.) यातली खोच अशी की रक्तातली त्याची पातळी टेबलावर सर्वांत वर नसते, साधारण बारा तासांनी असते. सकाळी दहाला भरलं तर रात्री दहाला तुम्ही घरच्या पलंगावर. ओठांना मुंग्या, कानात गुणगुण, जीभ जड, मग झटके, मग हृदयाची लय बिघडणं, असा तो क्रम. त्यावर २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन शिरेतून देतात. ते थिएटरात ठेवलेलं आहे का, हे विचारायला लाजू नका. "आम्हाला कधी लागलंच नाही" हे त्याचं उत्तर होत नाही.

भूल कोण देणार ते नावानिशी विचारा. झोपेचं इंजेक्शन देणारा आणि चरबी ओढणारा माणूस एकच असेल तर सरळ उठून या.

आणि तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचं: दोन सिझेरियन. तुम्हाला आडवं झोपवून, मान उचलायला लावून कुणी पोट तपासलं का? मान उचलली की पोटाचे दोन उभे स्नायू मधून फाकलेत का ते हाताला कळतं आणि जुन्या टाक्यांपाशी हर्निया असेल तर तोही फुगून येतो. हर्निया लक्षात न घेता कॅन्युला (चरबी ओढायची नळी) फिरवली तर ती आतड्यात जाऊ शकते. खुर्चीत बसवून पाच मिनिटं बोलण्यात हे कळत नाही.

रानजाई | सोमवार, सकाळी ८:३०

बाप रे. मान वगैरे कुणी उचलायला लावली नाही. साडीवरूनच बघितलं आणि "छान रिझल्ट येईल" म्हणाले.

डॉक्टर, आणखी एक. आईला डायबेटिस आहे, माझीही साखर काठावर आहे. चरबी काढली तर तो धोका टळतो असं ती मुलगी म्हणाली. खरं का?

भूलचूक | सोमवार, दुपारी २:१०

नाही. पोटाची चरबी दोन ठिकाणी असते. कातडीखालची, जी चिमटीत येते. आणि आतली, आतड्यांभोवती, यकृताभोवती. साखर, बीपी, हृदय यांना जास्त छळते ती आतली. लायपोची नळी फक्त कातडीखालच्या थरात फिरते, आत जात नाही आणि जाता कामा नये.

यावर २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. १५ लठ्ठ बायका, त्यांतल्या सात जणींना टाइप टू डायबेटिस. पोटावरची जवळजवळ दहा किलो चरबी लायपोने काढली. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनचं काम, बीपी, कोलेस्टेरॉल यांत दखल घ्यावी असा फरक नाही. तेवढीच चरबी खाणं कमी करून गेली असती तर फरक पडला असता. म्हणजे तुमच्या गोल्फ क्लबच्या फेऱ्या साखरेसाठी, लायपो फक्त आकारासाठी. साखर काठावर आहे तर ऑपरेशनआधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) करून घ्या, जखम भरण्याशी त्याचा संबंध आहे.

पोट उभं राहिल्यावर पुढे घट्ट दिसत असेल आणि चिमटीत फारसं येत नसेल, तर लायपोने निराशाच होईल. चिमटीत येतं पण कातडी लोंबते, असं असेल तर प्रश्न कातडीचा आहे. उशीतला कापूस काढला म्हणून अभ्रा आखडत नाही. त्याला टमी टक लागतो, जादा कातडी कापून स्नायू शिवतात. ते मोठं ऑपरेशन, व्रण लांब आणि बरं व्हायला वेळही जास्त.

गोदातटीची | सोमवार, रात्री ११:००

आता माझं. मांड्यांच्या बाहेरच्या बाजू, दोन्ही. एका हॉस्पिटलात, पूर्ण भूल देऊन, एक रात्र मुक्काम. सर्जन एमसीएच (प्लास्टिक सर्जरीतली वरची पदवी) असलेले होते. मला समाधान आहे, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल रडगाणं गातेय.

कुणी नीट सांगत नाही ते हे. छेद अगदी बारके, त्यांतून पहिले एक-दोन दिवस गुलाबी पाणी झिरपत राहतं. थेंब थेंब नाही, चांगलं वाहतं. गादीवर मेणकापड आणि जुने टॉवेल घालून ठेवा, घरी येताना गाडीच्या सीटवरसुद्धा. माझ्या सासूबाईंनी ते बघून रक्तच समजलं आणि देवाजवळ दिवा लावला. ते बहुतेक भरलेलं पाणीच असतं. लालभडक यायला लागलं तर मात्र फोन करायचा.

मग तो प्रेशर गारमेंट, म्हणजे सूज दाबून धरणारा घट्ट कपडा. घोट्यापासून कमरेपर्यंत, चार ते सहा आठवडे, सुरुवातीला जवळजवळ चोवीस तास. बाथरूमला जाणं हा एक सोहळा असतो. दोन घ्या, एक धुवायला, एक अंगात. मी हिवाळ्यात केलं म्हणून निभावलं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तो घालून दुपारी द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसायचं, ही कल्पनाही करवत नाही.

पहिल्यांदा गारमेंट काढून आंघोळ करताना एकटीने जाऊ नका. दाब एकदम सुटला की चक्कर येते. मला नर्सने बजावलं होतं म्हणून स्टुलावर बसूनच काढला, आणि डोळ्यांपुढे अंधारी आलीच. बहीण दाराशी होती.

निळंजांभळं होणं गुडघ्यापर्यंत उतरलं, कारण रक्त खाली खालीच सरकतं. पोटाचं केलं तर सूज अवघड जागी उतरते, बायकांत आणि पुरुषांतही. आधी माहीत असेल तर दचकायला होत नाही. कातडी बधिर, काही जागा कित्येक महिने. मध्येच खाज, मध्येच झिणझिण्या, हाताला गाठी गाठी लागतात. त्या हळूहळू विरघळतात, डॉक्टर सांगतील तेव्हापासून मसाज. खरा आकार तीन महिन्यांनी दिसायला लागला, सहाव्या महिन्यापर्यंत बदलत होता. तोपर्यंत आरशासमोर उभं राहून रोज नवीन निष्कर्ष काढणं बंद ठेवा. उजव्या मांडीवर एक हलका खड्डा आहे, उजेड बाजूने पडला तर दिसतो. तो राहणार.

चौथ्या दिवशी ऑफिस? बसून काम असेल तर कुणी जातही असेल, मला आठवडा लागला. पण पडून राहायचं नाही. संध्याकाळीच उठवून चालवलं होतं, पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून.

मिसळ_सम्राट | मंगळवार, सकाळी ९:१५

पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, मिसळ कमी करणं चांगलंच. पण उत्सुकतेने वाचत बसलो तर हा प्रकार चांगलाच जुना निघाला. १९२०च्या दशकात दुजारिए नावाच्या फ्रेंच सर्जनने एका नर्तिकेच्या पायाची चरबी खरवडून काढायला घेतली. रक्तवाहिनी दुखावली, गँगरीन झालं, पाय कापावा लागला. नर्तिकेचा! त्यानंतर कितीतरी वर्षं कुणी या वाटेला फारसं गेलं नाही. सत्तरच्या दशकात रोममध्ये फिशर पिता-पुत्रांनी पोकळ नळीने चरबी काढायला सुरुवात केली आणि पॅरिसमध्ये इलूझ यांनी १९७७ च्या सुमारास बोथट नळी आणि आधी पाणी भरण्याची युक्ती आणली.

खान्देशी_ठसका | मंगळवार, दुपारी १२:४०

काय बाई एकेक. माझ्या पुतणीला कुणीतरी सांगितलं की कापाकापी नको, चरबी गोठवून घे नाहीतर विरघळवायचं इंजेक्शन घे. ते तरी बिनधोक असतं का?

आणि ते व्हेझर, लेझर, फोर डी, हाय डेफिनिशन काय असतं? टीव्हीच्या जाहिराती वाटतात.

भूलचूक | मंगळवार, रात्री ९:३०

मावशी, टीव्हीची उपमा चपखल आहे.

व्हेझर म्हणजे अल्ट्रासाउंडने चरबी आधी सैल करून मग ओढणं. लेझर म्हणजे उष्णतेने. 'पॉवर असिस्टेड'मध्ये नळी स्वतः थरथरते, सर्जनच्या खांद्याला आराम. पाठीसारख्या चिवट जागी किंवा एकदा लायपो झालेल्या ठिकाणी यांचा उपयोग होतो. पण उष्णता आली की कातडी भाजण्याचा धोकाही आला. मशीन कुठलं यापेक्षा ते धरणारा हात कुणाचा, हे बघा. मोठ्या नावाचं मशीन कर्जावर घेतलं की त्याचे हप्ते पेशंटकडूनच निघतात, एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.

गोठवणं, म्हणजे क्रायोलिपोलिसिस. छोट्या उंचवट्याला ठीक, परिणाम माफक. त्यात एक दुर्मीळ उलटा प्रकार होतो. चरबी कमी व्हायच्या ऐवजी त्या जागी घट्ट होऊन वाढते. लिंडा इव्हँजेलिस्टा या प्रसिद्ध मॉडेलने २०२१ साली आपल्याला असं झाल्याचं जाहीर केलं होतं. आणि ती वाढ काढायला बहुतेकदा लायपोच करावं लागतं. विरघळवणाऱ्या इंजेक्शनांपैकी डिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडला अमेरिकेच्या एफडीएने २०१५ साली मान्यता दिली ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. पार्लरमध्ये कुणी नाव नसलेल्या बाटलीतून पोटाला टोचत असेल तर पुतणीला हाताला धरून घरी आणा.

रानजाई, गुठळीचं राहिलं होतं. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांची एक पाहणी २००० साली छापून आली, त्यात साधारण ५,००० लायपोंमागे एक मृत्यू असा हिशेब निघाला होता. त्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण पायातली गुठळी फुप्फुसात जाणं. हा आकडा जुना आहे, पण गुठळीची भीती आजही तीच. एकाच वेळी लायपो, टमी टक आणि आणखी दोन गोष्टी उरकल्या, टेबलावरचा वेळ वाढला, की धोका वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या, सिगारेट, घरात कुणाला गुठळ्या झाल्याचा इतिहास, हे सगळं स्वतःहून सांगा. तंबाखू आणि मिश्रीही. मिश्री लावणाऱ्या बायका "व्यसन नाही" असं लिहून देतात आणि मग कातडीचा रक्तपुरवठा कमी का पडतोय ते आम्हाला कळत नाही. निदान महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर बंद.

२०२५ पासून वजनाची जी नवी इंजेक्शनं आपल्याकडे मिळायला लागली आहेत, माउंजारो, वेगोव्ही वगैरे, त्यांतलं काही चालू असेल तर भूलतज्ज्ञाला सांगितलंच पाहिजे. पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, उपाशी राहूनही आत अन्न असू शकतं आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

घरी आल्यावर दम लागणं, छातीत दुखणं, एका पोटरीत सूज आणि दुखरेपणा, गोंधळल्यासारखं बोलणं, लघवी कमी होणं, ताप, किंवा पोटात दर तासाला वाढत जाणारी कळ, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. २०२२ साली बंगळुरूत २१ वर्षांची एक कन्नड मालिका अभिनेत्री चरबी काढण्याच्या ऑपरेशननंतर गेली, त्या दिवशीच श्वासाचा त्रास सुरू झाला होता. म्हणून विचारायचं: रात्री काही झालं तर कुठल्या आयसीयूत नेणार आणि तिथे तुमचं आधीपासून बोलणं झालंय का?

नाशिकरोडकर | बुधवार, सकाळी ७:५०

वैद्यकातलं मला कळत नाही, कागदातलं कळतं. ग्राहक आयोगात पेशंटच्या बाजूने उभा राहतो.

डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघता येते. पदवी कोणती आहे ते वाचा. एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी, हे पूर्ण शिक्षण. 'कॉस्मेटॉलॉजी फेलो' असं सोनेरी अक्षरात लिहिलं म्हणजे ते झालं असं नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सौंदर्य शस्त्रक्रियांबद्दल सूचना काढल्या, त्यात वर्कशॉप किंवा यूट्यूब बघणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही असं लिहावं लागलं. कुणी तसं करत असल्याशिवाय सरकार असं लिहीत नाही. शुश्रूषागृहाच्या नोंदणीचा दाखला भिंतीवर असायला हवा, आपल्या हद्दीत तो महापालिका देते.

पैशाचं. दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला मेडिक्लेम मिळत नाही, पॉलिसीच्या नेहमीच्या वगळण्यांतच ती बसते. शिवाय यावर १८ टक्के जीएसटी आहे. बाकी बहुतेक उपचारांना तो नसतो, त्यामुळे लोक कोटेशनमध्ये विचारायलाच विसरतात. कोटेशन लेखी घ्या. भूलतज्ज्ञ, थिएटर, रात्रीचा मुक्काम, गारमेंट, तपासण्या, जीएसटी, आणि नंतर एखाद्या जागी परत करावं लागलं तर त्याचा खर्च कुणाचा.

संमतीपत्र ऑपरेशनच्या सकाळी गाउन घालून स्ट्रेचरवर सही करायचा कागद नाही. आदल्या भेटीत घरी न्या, वाचा. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसरीला चालत नाही, जिवावर बेतलं असेल तेवढाच अपवाद. फुकटातल्या हनुवटीची संमती पोटाच्या कागदात बसवलेली नाही ना, बघा. "फोटो वापरण्यास हरकत नाही" ही ओळही बहुधा शेवटी असते. हरकत असेल तर खोडून सही करा, नाहीतर तुमचं पोट त्यांच्या इन्स्टावर.

आणि केसपेपर मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असा २००२ पासूनचा नियम आहे.

सातपूर_शिफ्ट | बुधवार, रात्री ११:४५

नवीन धागा काढायची लाज वाटते म्हणून इथेच. वय २४, मुलगा. छातीचा भाग मुलीसारखा दिसतो. कंपनीच्या चेंजिंग रूममध्ये शर्ट काढत नाही. जिममध्ये दोन वर्षं घालवली, उपयोग नाही. यालाही लायपो चालतं का?

भूलचूक | गुरुवार, सकाळी ६:४०

चालतं, पण निम्म्या कामापुरतं. याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात, फार मुलांत असतं आणि लाजण्यासारखं काही नाही. निप्पलच्या मागे कडक चकती लागते ती ग्रंथी. ती नळीने नीट येत नाही, छोट्या छेदातून कापून काढावी लागते. भोवतीची चरबी मात्र लायपोने जाते. नुसतं ओढून दिलं तर चकती राहते आणि टोक पुढेच दिसतं.

त्याआधी कारण शोधा. जिममध्ये कुणी गोळ्या, इंजेक्शनं दिली होती का? स्टेरॉइड असतील तर बंद केल्याशिवाय ऑपरेशनला अर्थ नाही. काही औषधं, दारू, यकृताचे आजार यांनीही होतं. क्वचित वृषणाच्या गाठीमुळे होतं, म्हणून तीही तपासणी करून घ्यायची, संकोच न करता. एकाच बाजूला कडक गाठ किंवा निप्पलमधून स्राव असेल तर याच आठवड्यात सर्जनला दाखव. बिल परवडत नसेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी ओपीडीत जा.

सातपूर_शिफ्ट | गुरुवार, दुपारी ३:३०

जिममधल्या दादाने पावडरीबरोबर गोळ्या दिल्या होत्या. पाकिटावर काही लिहिलेलं नव्हतं. बंद करतो. थँक्यू सर.

गोदातटीची | गुरुवार, रात्री ९:००

एक राहिलं. माझ्या ओळखीतल्या एकीने मुंबईत जाऊन स्वस्तात करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कसारा घाटातून गाडीने परत. तीन-चार तास पाय लोंबते ठेवून! वर प्रत्येक ड्रेसिंगला पुन्हा मुंबई. दोन-तीन महिन्यांनी छेदांजवळ गाठी येऊन पू यायला लागला, साध्या अँटिबायोटिकने जाईना.

भूलचूक | गुरुवार, रात्री ९:५०

पुवाच्या नेहमीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) काही सापडलं नसेल तर टीबीच्या जातकुळीतल्या, पण टीबी नसलेल्या जंतूंची तपासणी करायला सांगा. हत्यारं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) न करता नुसती औषधात बुडवली, वर नळाच्या पाण्याने धुतली की ते शिरतात. उशिरा उगवतात आणि औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. तिने वाट बघू नये.

रानजाई | शुक्रवार, रात्री ८:१५

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवलीय.

आज क्लिनिकला फोन केला. लिटर एकूण की निव्वळ, लिग्नोकेन किती, भूलतज्ज्ञ कोण, रात्री आयसीयू कुठलं. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, एवढं कुणी विचारत नाही, ते सगळं डॉक्टर बघतात." डॉक्टरांशी बोलणं करून द्या म्हटलं तर ऑफर उद्यापर्यंतच आहे म्हणाली. टोकन परत मागितलंय. आता आधी एका सर्जनकडे पोट तपासून घेणार, सोनोग्राफी सांगितली तर तीही. मग प्लास्टिक सर्जन. रात्री पलंगावर झोपून मान उचलून बघितली, मधोमध उभा उंचवटा येतोय. ह्यांनी चक्क स्वतःहून विचारलं, "कधीची अपॉइंटमेंट?"

नाशिकरोडकर, टोकन देत नाहीत म्हणाले तर? आणि डॉक्टर, पुढे कधी ऑपरेशन ठरलंच तर थायरॉईडची गोळी त्या दिवशी बंद ठेवायची का?

नाशिकरोडकर | शुक्रवार, रात्री ९:०५

फोनवर बोललेलं विसरा, आज रात्रीच ईमेल टाका. पावतीचा फोटो, भरल्याची तारीख, रद्द करत असल्याचं एक वाक्य आणि पंधरा दिवसांची मुदत. पावतीमागे "नॉन रिफंडेबल" छापलंय का ते बघून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. छापलं असलं तरी लगेच हात टेकू नका, सेवा दिलीच नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगात बोलायला जागा असते.

भूलचूक | शनिवार, सकाळी ६:२०

थायरॉईडची गोळी बंद करायची नाही, त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) मात्र आधी करून घ्या, फार वर-खाली असेल तर तारीख पुढे ढकलू. बीपीची गोळी कुणाला चालू असेल तर नाव सांगून विचारावं, काही चालू ठेवतात, काही त्या सकाळी थांबवतात. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने थांबवायची नाही, ज्याने दिली त्या डॉक्टरला विचारून.

आणि तो मधोमधचा उंचवटा म्हणजे बहुधा स्नायू फाकलेत. त्याला लायपो काहीही करत नाही, हे सर्जनसमोर बसाल तेव्हा तुम्हीच आधी सांगा.